हुमणीला बांध कळत नाही



मृगाआधीचा वळीव पडून गेला, की दिवेलागणीला कडुनिंबाखाली किंवा बाभळीखाली दहा मिनिटे उभे राहून पाहावे. जमिनीतून तपकिरी भुंगेरे निघतात आणि घोंघावत झाडावर जातात. पोरासोरांना मौज वाटते. आपणही दुर्लक्ष करतो. पण यातली एकेक मादी पुढे जमिनीत पाच-पन्नास अंडी घालणार असते. मग ऑगस्ट-सप्टेंबरात उभा ऊस पिवळा पडतो, बेटाला हात घातला तर ते अलगद उपटून येते, आणि खाली अर्धगोल वळलेली, मळकट पांढरी, लठ्ठ अळी सापडते. हीच हुमणी. त्या दिवशी कपाळाला हात लावून काही उपयोग नसतो. हिशेब वळवाच्या दिवशीच चुकलेला असतो.

आम्ही चामोर्शी भागातले सभासद. आमच्याकडे ऊस थोडा, धान फार. धानाच्या बांधीत चिखलणी होते, पाणी साचते, तिथे हुमणी तग धरीत नाही. त्यामुळे हा शत्रू आमच्या वाडवडिलांच्या फारसा ओळखीचा नव्हता. चढावरच्या निचऱ्याच्या जमिनीत आम्ही ऊस लावला आणि ओळख झाली, तीही महागात. जंगल जवळ, झाडे भरपूर. भुंगेऱ्याला आणखी काय पाहिजे?

पूर्वी यावर एकच उपाय ठाऊक होता: विष. आधी बीएचसीची भुकटी पोत्यांनी जमिनीत गेली. ती १९९७ साली देशात बंद झाली. मग फोरेटचे दाणे आले. २०२० साल सरताना तेही बंद झाले. हे दाणे उघड्या हाताने टाकलेली माणसे आपल्यात आजही आहेत. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीने विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले, ते आपण विसरलेलो नाही. विषाने हुमणी संपली असती तर एक वेळ बोलणे वेगळे होते. पण २०१८ साली पाऊस कमी झाला आणि नगर, सोलापूर, पुणे भागांतल्या उसात ती पुन्हा उसळलीच.

म्हणून आमचे मत आहे की, आता मातीतल्या जिवाकडे वळले पाहिजे. मेटारायझियम नावाची एक बुरशी आहे. तिचे बीजाणू हुमणीच्या कातडीला चिकटतात, तिथेच रुजतात, कातडी भेदून आत शिरतात आणि आतून अळी पोखरतात. मेलेली अळी कडक होते, आधी पांढरी आणि मग हिरवी दिसू लागते. अळीने ती खाल्लीच पाहिजे असे नाही. अंगाला लागली तरी पुरे. हे ज्ञान काही काल-परवाचे नाही. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १८७९ साली गव्हाच्या भुंगेऱ्यावर या बुरशीचा प्रयोग केला. पुढे युक्रेनमधील स्मेला गावी साखरेच्या बीटावरील सोंड्या किडीसाठी तिचे बीजाणू तयार करण्यात आले. म्हणजे ही बुरशी पहिल्यापासून साखरेच्याच धंद्यात आहे असे म्हटले तरी चालेल! आज ब्राझीलमध्ये लाखो हेक्टर उसावर ती मुळांजवळच्या तुडतुड्यासारख्या किडीसाठी वापरतात. ऑस्ट्रेलियातही उसाच्या हुमणीसाठी तिचे दाणे निघाले.

दुसरा सोबती म्हणजे डोळ्यांना न दिसणारा सूत्रकृमी. सगळेच सूत्रकृमी पिकाचे वैरी नसतात. हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही जात कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेतील संशोधकांच्या सहभागाने १९९२ साली जगापुढे आली. हा कृमी हुमणीच्या शरीरात शिरतो आणि आपल्या पोटातले जिवाणू आत सोडतो. दोन-तीन दिवसांत अळी मरते आणि विटकरी लाल होते. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडे बुरशी आणि कृमी ही दोन्ही औषधे मिळतात.

आता कोणी म्हणेल, "हे पावडर टाकून का होते जी? आम्ही टाकून पाह्यलं, काहीच नाही झालं." हा आक्षेप खोटा नाही. पहिल्या वर्षी आमचेही तसेच झाले, आणि त्यात दोष आमचाच होता. पुडे मे महिन्यात आणले आणि पत्र्याच्या खोलीत ठेवून दिले. तिथल्या उष्म्यात माणूस तासभर बसेना, तिथे बीजाणू काय जगणार? शेतात टाकायला सप्टेंबर उजाडला. तोवर अळी अंगठ्याएवढी झाली होती. जमीनही वाळलेली. आणि मग आम्हीच चावडीवर सांगत सुटलो, की हे औषध बोगस आहे.

दुसऱ्या वर्षी रीत बदलली. औषध घेताना तयार केल्याची तारीख, नोंदणी आणि एका ग्रॅममध्ये जिवंत बीजाणू किती, हे पाहून घेतले. पुडे सावलीत, थंड जागी ठेवले. हेक्टरी २० किलो, म्हणजे एकरी ८ किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून जून-जुलैत, ओल असताना, उसाच्या मुळाजवळ मातीत दिले आणि पाणी सोडले. त्यासोबत बुरशीनाशक दिले नाही, कारण जी बुरशी आपण पेरतो तीच त्याने मरायची. पुढे भर लावताना हिरवट बुरशी चढलेल्या अळ्या हाती लागल्या. हुमणी समूळ गेली असे आम्ही म्हणणार नाही. पण कोलमडलेली बेटे कमी झाली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

विष दोन दिवसांत मारते, तर बुरशी पंधरवडाही घेते. विषाला कोणी सांभाळावे लागत नाही, पण बुरशी सजीव आहे. तिला बियाण्यासारखे जपावे लागते. ज्याला आज टाकून उद्या निकाल पाहिजे, त्याने या वाटेला न गेलेले बरे. आणि एकाच बाटलीत हुमणी, मर, मूळकूज, तणासकट सगळ्यावर इलाज सांगणारा विक्रेता दारात आला, तर त्याला पाणी पाजून वाटेला लावावे. ट्रायकोडर्मा मुळांच्या रोगासाठी, मेटारायझियम किडीसाठी. दोघांची कामे वेगळी आहेत.

खरी अडचण मात्र पुढेच आहे. हुमणीला बांध कळत नाही. आम्ही औषध टाकले आणि शेजाऱ्याने टाकले नाही, तर पुढच्या वळवात त्याच्या शेतातले भुंगेरे आमच्याच कडुनिंबावर येणार. भाऊभाऊ वाटणी करून बांध घालतात. भुंगेरा तो बांध मानीत नाही. हे एकट्यादुकट्याचे कामच नव्हे. सहकाराचे काम जर कोणते असेल तर ते हेच.

म्हणून संचालक मंडळापुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली, औषध खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावे, त्याची तपासणी करावी आणि ते मे अखेरपर्यंत गटागटाच्या सावलीच्या गोदामात पोहोचवावे. त्याची रक्कम ऊसबिलातून कापावी. दुसरी, पहिल्या वळवानंतर गावोगाव भुंगेरे वेचण्याची मोहीम काढावी. संध्याकाळी झाडे हलवून पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकायचे आणि सामुदायिक प्रकाशसापळे लावायचे. जितक्या माद्या गेल्या, तितके पन्नास-पन्नास शत्रू जन्माआधीच गेले. तिसरी विनंती थोडी आमच्या स्वार्थाची आहे. ही बुरशी शिजवलेल्या तांदळाच्या दाण्यावर उत्तम वाढते; ब्राझीलमध्ये ती अशीच वाढवतात. धानाच्या गिरण्यांतून निघणारी कणी आमच्याकडे काही कमी नाही. जाणकारांचा सल्ला आणि रीतसर परवानगी घेऊन कारखान्याच्या प्रयोगशाळेने ती वाढवायला घेतली, तर उसाचे औषध धानाच्या कणीवर तयार होईल. मग आमच्यासारख्या कोपऱ्यातल्या सभासदांनाही वाटेल, की कारखान्याला आमचा ऊस तर लागतोच, पण आमचा धानही कामी येतो.

ठराव येत्या वार्षिक सभेत व्हावा. जेवणाच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी सभासदांनी या विषयावर हात वर करावेत. औषध उशिरा आले तर चूक कारखान्याची ठरेल. पण वेळेवर आलेले औषध पत्र्याच्या खोलीत पडून राहिले, तर ती चूक आपली. आम्ही ती एकदा केली आहे. तुम्ही करू नका.