‘बरा झाला’ म्हणजे काय?

सध्या पोस्टिंग दिल्लीत. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात गावाकडचे कोणी उतरले, की मी त्यांना जवळच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात नेतो. साताऱ्याकडची मंडळी कर्नल संतोष महाडिक यांचे नाव शोधतात. 17 नोव्हेंबर 2015, कुपवाडा.

पाचच दिवसांनी त्याच कुपवाड्यात लेफ्टनंट कर्नल करणबीर सिंग नत्त यांच्या जबड्यात गोळी लागली. ते गेले डिसेंबर 2023 मध्ये, जालंधरच्या लष्करी रुग्णालयात. मधली आठ वर्षे कोमात. ती आठ वर्षे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

कोमातल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवणे, नळीतून अन्न देणे, घशातला कफ काढणे, सांधे आखडू न देणे, याला आपण ‘सेवा’ म्हणतो. मला या शब्दाची चीड येते. हे उपचार आहेत. केईएममध्ये अरुणा शानबाग 1973 पासून 2015 पर्यंत जगल्या त्या याच उपचारांवर. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या निकालात तिथल्या परिचारिकांचे कौतुक केले. आपणही हात जोडले. एका सिस्टरमागे किती खाटा असतात, हे मात्र विचारले नाही.

आणि जे शुद्धीवर येतात त्यांचे काय? माझ्या कंपनीतला एक जवान गाडी उलटून डोक्यावर पडला. टाके निघाले, चालू-बोलू लागला, ‘बरा झाला’ म्हणून युनिटमध्ये परतला. सांगितलेले काम अर्ध्यात विसरायचा, गोंगाट झाला की चिडायचा. मी त्याला कामचुकार ठरवले. दोनदा सगळ्यांसमोर झापले. एनडीएत हे शिकवले नव्हते, पण ती सबब नाही.

त्याच्या बायकोला कळले. तिने भिंतीवर मोठे कॅलेंडर टांगले, दिवसाचा क्रम ठरवला, एका वेळी एकच गोष्ट सांगायची असे घरात बजावले. प्रशिक्षित सिस्टर हेच करते. या माउलीला कोणी शिकवले नव्हते, म्हणून पहिले सहा महिने चाचपडण्यात गेले. मेंदू सर्वांत जास्त सावरतो तो याच महिन्यांत.

मागे त्याला फोन करून माफी मागितली. ‘थांबा साहेब, वहीत लिहून घेतो,’ म्हणाला.

डिस्चार्जआधी घरच्या माणसाला आठवडाभर वॉर्डात बसवून शिकवा. डोक्याला मार लागलेल्या जवानाची स्मरणशक्ती आणि लक्ष तपासल्याशिवाय त्याच्या हाती रायफल किंवा स्टिअरिंग देऊ नका. आणि माजी सैनिकहो, तुमच्या गावात असा कोणी ‘तऱ्हेवाईक’ म्हणून बसून असेल, तर आधी विचारा, डोक्याला कधी लागले होते का?