पुन्हां पुन्हां तापणारी मोटार

सोलापूरच्या एका भगिनींचें पत्र या महिन्यांत आमच्यापुढें आहे. घरची मोटार गेल्या चैत्रापासून तापते. प्रथम रेडिएटर धुऊन घेतला, मग पाण्याचा पंप बदलला, शेवटीं मिस्त्रीनें थर्मोस्टॅट काढूनच टाकला. तरीही तुळजापूरचा घाट लागतांच कांटा तांबड्या रेघेकडे सरकतो. आतां इंजिन खोलावें लागेल असा निरोप आला आहे. मामंजी म्हणतात, विकून टाका. थोरले दीर म्हणतात, खोलूं द्या. आणि सासूबाईंस नवरात्रांत देवीस जावयाचें आहे. पैसा मात्र सर्वांचा मिळून जावयाचा. कोणाचें ऐकावें, असा बाईंचा प्रश्न आहे.

तूर्त कोणाचेंच ऐकूं नये, असें आमचें मत आहे. दुरुस्त्या तीन झाल्या, परंतु निदान एकदांही झालेलें दिसत नाहीं. वैद्य काढा देण्यापूर्वीं ताप केव्हां चढतो, केव्हां उतरतो, हें विचारतो. मोटारीच्या बाबतींतही पहिला प्रश्न तोच.

पेट्रोल जळून निघणाऱ्या उष्णतेपैकीं ढोबळ मानानें तिसरा हिस्साच चाकें फिरविण्याच्या कामीं येतो. तितकीच उष्णता धुराबरोबर जाते, आणि उरलेल्या उष्णतेचा बराचसा भाग पाण्यानें रेडिएटरपर्यंत नेऊन वाऱ्याच्या स्वाधीन करावयाचा असतो. गांवांतल्या गर्दीत मोटार तापत असेल, पण मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर दोष वाऱ्याचा समजावा: पंखा चालत नसेल, तार उलटी जोडल्यानें तो उलटा फिरत असेल, किंवा जाळी धुळीनें व कापसाच्या तंतूंनीं बुजली असेल. उलट गांवांत ठीक चालून चढावर किंवा भरधाव जातांना तापत असेल, तर संशय पाण्याच्या वाटेवर किंवा इंजिनच्या आंत घ्यावा. बाईंची मोटार या दुसऱ्या वर्गांत मोडते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची चाल आपल्याकडे फार आहे, आणि ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. ही झडप पाणी तापल्यावर उघडते आणि तें रेडिएटरकडे पाठविते. कित्येक इंजिनांत ती त्याच वेळीं आंतली जवळची वाटही बंद करिते. झडपच नसली तर बरेंचसें पाणी त्या जवळच्या वाटेनें आंतल्या आंत घुमत राहतें. म्हणजे उपायानेंच रोग वाढावयाचा! ती प्रथम पुन्हां बसवून घ्यावी.

दुसरी गोष्ट झांकणाची. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारें ४५० मीटर उंच आहे. उघड्या पातेल्यांतलें पाणी येथें साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या सुमारास उकळतें. मोटारींतलें पाणी मात्र कुकरमधल्याप्रमाणें कोंडलेलें असतें. झांकणाची स्प्रिंग एका वातावरणाच्या आसपास दाब धरून ठेवते, म्हणून तें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. कुकरचें रबर गेल्यावर डाळ शिजत नाहीं हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस झांकणाचें रबर गेल्यावर पाणी कां उतूं जातें, तें निराळें सांगावयास नको. सर्वांत स्वस्त भाग हाच, आणि बहुधा सर्वांत शेवटीं पाहिला जातो.

आमच्या पिढींतील लोकांस जुनी फियाट आठवत असेल. सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, तिच्याच कारखान्यांतली ती गाडी. घाटांत बॉनेट उघडून बादली घेऊन उभें राहणें हा त्या काळीं प्रवासाचाच एक भाग होता. ती संवय आज मात्र घातक आहे. तापलेलें झांकण उघडल्यास उकळतें पाणी तोंडावर उडतें. आणि हल्लींच्या इंजिनांचें डोकें बहुधा ॲल्युमिनियमचें असल्यानें तें फाजील तापलें कीं वांकतें. विहिरीचें किंवा बोअरचें पाणी ओतल्यास क्षार धरतो, तो निराळाच. मोटार बनविणाऱ्यांनीं सांगितलेलें कूलंटच शुद्ध पाण्यांत मिसळून घालावें, आणि भरतांना आंत हवा अडकूं देऊं नये. दुरुस्तीनंतर लागलीच तापणाऱ्या पुष्कळ मोटारींत दोष एवढाच असतो.

आतां पत्रांतली एक ओळ, जी बाईंनीं जातां जातां लिहिली आहे आणि जी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते: प्रत्येक फेरीस पेलाभर पाणी कमी होतें, पण खालीं थेंब दिसत नाहीं. झांकण नवें बसवूनही असें होत राहिलें, तर डोकें आणि ठोकळा यांमधील गॅस्केट फुटल्याचा संशय बळावतो. चढावर जोर पडला कीं जळता वायु त्या फटींतून पाण्यांत शिरतो. याची परीक्षा इंजिन न खोलतां होते. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांतच रेडिएटरची वरची रबरी नळी टणक झाली तर ती खूण समजावी. चांगल्या गॅरेजांत रेडिएटरच्या तोंडाशीं निळ्या द्रावाची नळी धरतात. पेट्रोलच्या इंजिनाचा वायु येत असल्यास निळा रंग पिवळा होतो. तेलाची पट्टीही काढून पाहावी; तेल दुधाळ दिसल्यास मोटार जागची हलवूं नये.

रंग पालटला तर दिरांचें म्हणणें खरें, इंजिन खोलावेंच लागेल. मात्र डोक्याचा पृष्ठभाग सरळ पट्टी लावून मोजल्यावांचून नवें गॅस्केट बसवूं देऊं नये. केसाच्या जाडीएवढा बांक राहिला तरी तें पुन्हां फुटेल आणि चौथ्या दुरुस्तीचे पैसे पाण्यांत जातील. रंग पालटला नाहीं, तर खोलण्यापूर्वीं रेडिएटर आंतून खरोखर मोकळा झाला आहे कीं नाहीं, तें पुन्हां तपासून घ्यावें. विकण्याचा विचार त्यानंतर. दोष लपवून विकणें तर या घरास शोभणारें नाहीं.

तोंवर मोटार घाटांत नेऊं नये. वाटेंत कधीं कांटा चढलाच तर एअर कंडिशनर बंद करावा, हीटर पूर्ण सोडावा, कडेस थांबून इंजिन बंद करावें आणि निदान अर्धा तास झांकणास हात लावूं नये. तुळजापूर सोलापुराहून पंचेचाळीस किलोमीटरांच्या आसपास आहे. सासूबाईंस यंदा एस. टी.नें न्यावें. मात्र कोजागिरीच्या सुमारास जाऊं नये, त्या दिवसांत ती वाट पायीं जाणाऱ्या भाविकांनीं भरलेली असते.