पावलं मोजली, कष्ट कोण मोजणार?

पायाच्या हाडात गाठ झाली, शस्त्रक्रिया झाली, पाय वाचला. मग तपासणीला गेलं की पहिला प्रश्न, "किती चालता?" आता तर अंगावर छोटं यंत्र बांधून दिवसभराची पावलंही मोजता येतात. डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा हे बरंच. पण मैत्रिणींनो, पावलं म्हणजेच हालचाल, हे कुणी ठरवलं?

गगनबावड्याच्या डोंगरउतारावरल्या बाईचा दिवस डोळ्यांपुढे आणा. चुलीपुढे उकिडवं बसायचं, गोठ्यात शेण भरायचं, भर पावसात वाकून चिखलात भाताची रोपं लावायची. यात पावलं मोजकीच पडतात. डोक्यावरचा वैरणीचा भारा तर पावलं मोजणाऱ्या यंत्राला दिसतच नाही. गुडघ्याच्या जागी कृत्रिम सांधा बसवला की उकिडवं बसणं बहुधा बंदच होतं. म्हणजे जे गेलं तेच मोजलं जात नाही.

१९९३ सालच्या एका प्रचलित गुणपद्धतीत वेदना, काम, मनाने स्वीकार, आधार, चालण्याची क्षमता आणि चाल यांना प्रत्येकी ५, असे ३० गुण आहेत. चुलीपुढे बसता येतं का, हा प्रश्न त्यात वेगळा नाही. १९९६ साली टोरांटोहून आलेली प्रश्नावली रुग्णालाच विचारते, घरकामाचंही विचारते. हे चांगलंच. पण आपलं घरकाम जमिनीलगतचं आहे. १९६८ साली जयपूर फूट घडवणाऱ्यांनी मांडी घालणं, उकिडवं बसणं, अनवाणी चालणं लक्षात घेतलं होतं. मग मोजणाऱ्यांना ते का जमू नये?

दुसरी गोष्ट याहून गंभीर. आकडा वाढला म्हणजे बाई बरी झाली का? की पाणी भरायला दुसरं कुणी नाही म्हणून ती टाके ओले असतानाच उठली? पुरुषाच्या हातात ताट येतं, तिला मात्र उठून रांधावं लागतं. कागदावर तीच 'अधिक सक्रिय' ठरते!

बाईचं शेतातलं बिनमजुरीचं काम जनगणनेच्या प्रश्नात स्पष्ट शब्दांत यायला १९९१ साल उजाडलं. तेही मागितल्यावर. म्हणून दवाखान्यातही मागू या. काय करता, कशी बसता, किती ओझं उचलता, आणि हे सारं कुणाच्या गरजेपोटी, हे तिलाच विचारा.

आणि गावातल्या आपल्या गटांनी एवढं तरी करावं. शस्त्रक्रिया होऊन बाई घरी आली की तिची घागर कोण भरणार, हे तिच्या घरच्यांसमोर बसून ठरवावं. विश्रांती हाही तिचा हक्कच आहे.