कुडाचे घर

गेल्या माघात एका कामानिमित्त सुरगाण्यास जाणे झाले. सुरगाणा एके काळी लहानसे संस्थान होते. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. पण आज वाचकांना मी राजवाड्यात नेणार नाही. जवळच्या एका पाड्यावर दुपारी पाणी मागायला म्हणून एका शेतकऱ्याच्या ओट्यावर टेकलो, त्या घराची ही गोष्ट.

घर कौलारू. सागाच्या मेढी, त्यांवर तुळया, वर वासे. भिंती कुडाच्या. कारवीच्या काड्या उभ्या लावायच्या, बांबूच्या कांबींनी आडव्या आवळायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीचा गिलावा द्यायचा. साऱ्या छपराचा भार मेढींवर. कूड फक्त वारा आणि नजर अडवणार. एका बाजूला गुरे, दुसऱ्या बाजूला चूल. आतला गारवा असा की उन्हातून आलेल्या माणसाने डोळे मिटावेत.

मला एकदम शॉटरीची आठवण झाली. स्ट्रॅटफर्डजवळच्या या खेड्यात शेक्सपिअरच्या बायकोचे, अ‍ॅन हॅथवेचे माहेर आहे. लोक त्याला कॉटेज म्हणतात. मुळात ते बारा खोल्यांचे शेतकऱ्याचे घर. त्याचा जुना भाग पंधराव्या शतकातला. ओकची दोन वाकडी खोडे माथ्याशी एकत्र आणून उभा केलेला सांगाडा, वर गवताचे शाकार आणि भिंती? काड्यांच्या विणीवर माती, शेण आणि गवताचे तूस यांचा लेप! म्हणजे आपला कूडच की. डार्टमूरकडच्या जुन्या घरांत तर माणसे आणि गुरेही एकाच छपराखाली राहत.

हॅथवे घराण्याची माणसे त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. १८९२ साली शेक्सपिअर स्मारकाच्या विश्वस्तांनी ते विकत घेतले, आणि त्यानंतरही त्या वंशातली एक म्हातारी तेथेच राहून पाहुण्यांना घर दाखवीत असे. १९६९ साली आगीत बराच भाग जळाला, तो पुन्हा जसाच्या तसा बांधला. इंग्लंडात १९४७ च्या कायद्याने अशा वास्तूंच्या याद्या होऊ लागल्या. यादीत नाव चढले की परवानगीवाचून मालकाला घराचे रूप बदलता येत नाही. आपल्याकडे १९५८ चा केंद्रीय कायदा आहे. पण त्याला निदान शंभर वर्षांची आणि इतिहासात मोल असलेली वास्तू हवी. पाड्यावरचे घर त्यात कोठून बसणार? शिवाय कुडाचा गिलावा दरसाल नवा होतो. पण मग शॉटरीचे गवतही काही पाचशे वर्षांचे नाही!

हे सारे मी ओट्यावरच्या आजींना मोठ्या उत्साहाने ऐकवले. त्यांच्या नातवाला घरकुल मंजूर झाले होते आणि दिवाळीनंतर हे घर उतरवायचे ठरले होते. "आजी, पाडू नका. असलं घर विलायतेत जपून ठेवतात," मी म्हणालो.

आजी हसल्या. "भाऊ, तुम्ही सारवायला येणार का?"

मी गप्प झालो.

"पावसाळा सरला की भिंतीला भोकं पडतात. उंदीर येतो, उंदरामागं साप. डोंगरावरून माती मी आणली, आता सून आणते. तिचीही कंबर गेली. ती गेली चार वर्षं म्हणते, एकदा सिमिटाची भिंत करा."

शॉटरीत तिकीट काढून हिंडताना त्या भिंती कोण लिंपते, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. तेथे त्या कामाला मजुरी मिळते, कसबी माणूस मिळतो. येथे ते बिनमजुरीचे काम घरातल्या बाईच्या वाट्याचे. आणि जपणुकीचा उपदेश करणारा मी, सिमेंटच्या बिऱ्हाडातला!

"मग या मेढींचं काय?" मी जरा वेळाने विचारले.

"त्या कशाला टाकू? सासऱ्यांनी उभ्या केल्यात. नव्या घराच्या पडवीला लावणार. सागाला काय झालंय?"

मग मी वही काढली. माती कोणती, शेण किती, भाताचे तूस कधी घालायचे, कारवी कोणत्या दिवसांत तोडली म्हणजे तिला कीड लागत नाही, हे आजी सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. सून चुलीपासून मधूनच दुरुस्ती करी. चार पाने भरली.

हे लिहीत असताना पाड्यावर त्या कुडाला शेवटचे सारवण चालले असेल. पुढच्या दिवाळीला आजींची पणती सिमेंटच्या भिंतीशी लागेल. पण पडवीत, सासऱ्यांच्या मेढीपाशीही एक लागेल, असे त्या म्हणाल्या आहेत.