नोट ओळखणारं अ‍ॅप खोटी नोट पकडतं का?
महाड, पोलादपूरच्या बाजारात गल्ल्यावर पाचशेची नोट आली, तर मोबाइलचा कॅमेरा ती तपासेल का? रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ अ‍ॅप १ जानेवारी २०२० ला आलं. दृष्टिहीनांना ते नोट किती रुपयांची हे बोलून सांगतं. एकदा डाउनलोड केलं की इंटरनेट लागत नाही, म्हणजे डोंगरातल्या वाडीत रेंज नसली तरी चालतं. पण नोट खरी की खोटी, हे ते सांगत नाही.

ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीत स्क्रीनवरच्या नोटेवर सुरक्षा खुणा बाणांनी दाखवता येतात. कुठे पाहायचं ते कळतं, एवढंच. पाचशेच्या नोटेतला धागा तिरका धरल्यावर हिरव्याचा निळा होतो. कडेच्या पाच उंचवट्याच्या रेषा बोटाला लागतात. फोनला बोट नाही, आणि एका फोटोत रंग बदलताना दिसत नाही. त्यामुळे अ‍ॅपने ‘पाचशे’ म्हटलं, तरी धागा स्वतः हलवून पाहावाच लागतो.