हप्ता घेतला, जबाबदारी कुठे गेली?

केंद्र सरकारने २४ जुलै २०२५ रोजी दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जाहीर केले. ज्याने जमीन व पाणी नासवले त्यानेच ते स्वच्छ करण्याचा खर्च सोसावा, हे तत्त्व त्यांत मान्य केलेले आहे. तत्त्व नवे नाही. राजस्थानातील बिछडी व तामिळनाडूतील वेल्लोर या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने ते १९९६ सालीच स्वीकारले होते. पण नव्या नियमांत एक वाट मोकळी आहे. दोषी सापडला नाही, अथवा सापडूनही त्याच्यापाशी पैसा नसला, तर खर्च केंद्र व राज्य सरकारांनी करावयाचा. आपल्याकडील कारखानदारीची रीत पाहता हा अपवादच नियम होऊन बसण्याची भीती आहे. नफा मालकाचा आणि घाण जनतेची, ही वाटणी जुनीच आहे.

तुळजापूर तालुक्यातील कार्यकर्त्यांना हा विषय दूरचा वाटू नये. सोलापूर रस्त्यावर तामलवाडीला रासायनिक उत्पादन होते. नळदुर्गचा साखर कारखाना वर्षानुवर्षे बंद राहिलेला या भागाने पाहिला आहे. बालाघाटाच्या या पठारावर शेती विहिरीच्या व बोअरच्या पाण्यावर चालते. अमुक कारखान्याने अमुक शिवार नासवले, असा आरोप येथे करावयाचा नाही. प्रश्न त्याच्या आधीचा आहे. उद्या एखाद्या गावची विहीर नासली, आणि तोवर कारखाना बंद पडून बँकेने २००२ च्या कायद्याखाली त्याची जमीन व यंत्रे लिलावात काढली असली, तर शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागावी? बँकेचे कर्ज आधी फिटते. कामगारांची देणी मागे राहतात. विहिरीचे नाव तर यादीतही नसते.

अमेरिकेत या प्रश्नाचे एक उत्तर जुन्या विमापत्रांत सापडले. १९७८ साली लव्ह कॅनॉल येथील वस्तीखाली पुरलेली रसायने वर आली आणि १९८० साली दूषित जमिनींच्या सफाईचा कायदा झाला. घाण करणाऱ्या कित्येक कंपन्या तोवर बुडाल्या होत्या. परंतु त्यांनी पूर्वी उतरवलेल्या विम्यांची भाषा अशी होती की, विम्याच्या मुदतीत झालेल्या नुकसानीची भरपाई कंपनी देईल, मग मागणी केव्हाही येवो. म्हणजे १९६० च्या दशकात झिरपलेल्या विषाचा दावा १९९० साली करता येत होता. १९७० च्या सुमारास विमा कंपन्यांनी 'अचानक व अपघाताने' झालेल्या प्रदूषणापुरतीच हमी ठेवली आणि १९८५-८६ च्या सुमारास प्रदूषण सरसकट वगळले. म्हणूनच त्याआधीच्या कागदांना मोल आले. जुन्या खतावण्या, दलालांची पत्रे, करारांची दप्तरे चाळून हरवलेली विमापत्रे शोधणे हा तेथे स्वतंत्र व्यवसाय झाला.

आपल्याकडे ती खाण तितकी समृद्ध नाही, हे मान्य केले पाहिजे. मालकांनी विमा उतरवला तो प्रायः आपल्या इमारतीचा आणि मालाचा, आगीपासून. शेजारच्या विहिरीचा विमा उतरवण्याची गरज कोणाला वाटली नाही. १९८४ साली भोपाळला हजारो माणसे मेली तेव्हा १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. घातक पदार्थ हाताळणाऱ्या प्रत्येक मालकाला विमा सक्तीचा झाला आणि हप्त्याइतकीच रक्कम पर्यावरण मदत निधीत भरणे आवश्यक ठरले. पण मूळ कायद्यातील मदत पाहा : मृत्यूला २५,००० रुपये, मालमत्तेच्या हानीला फार तर ६,००० रुपये! नियमांत सुधारणा होऊन मर्यादा वाढल्या त्या २०२४ साली. शिवाय मदतीचा अर्ज अपघातापासून पाच वर्षांच्या आत करावयाचा. जमिनीत मुरणारे पाणी असे दिनदर्शिका पाहून मुरत नाही.

भोपाळचा पुढचा अध्याय याहून उद्वेगजनक आहे. १९८९ साली ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. त्यात तूट पडली तर ती भरून काढण्याची व त्यासाठी विमा उतरवण्याची जबाबदारी केंद्र सरकारवर होती. असा विमा उतरवलाच नव्हता, ही घोर हयगय होय, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये नमूद केले. कारखान्यातील ३३७ टन विषारी कचरा २०२५ साली पीथमपूरला जाळला गेला, तोही १२६ कोटींच्या सरकारी पैशातून.

विमाही सरकारीच, मग एका खिशातून दुसऱ्या खिशात घातल्याने काय साधले, असा आक्षेप येईल. तो वरवरचा आहे. विमा कंपनीने या जोखमीचा हप्ता घेतलेला असतो. तिने पैसे मोजले की घाण करणाऱ्या उद्योगाचा हप्ता वाढतो आणि मालकाला शिस्त लागते. तिजोरीने पैसे मोजले की कोणालाच काही लागत नाही. शाळेचा आणि दवाखान्याचा निधी तेवढा घटतो.

१ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमा संस्थांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. त्या संस्थांच्या व्यवहारांचा वारसा सार्वजनिक मालकीचा आहे. राष्ट्रीयीकरणाचा अर्थ केवळ हप्त्यांचे राष्ट्रीयीकरण असा नव्हता. या कंपन्यांकडे जे जुने दप्तर शिल्लक असेल ते खुले झाले पाहिजे. प्रत्येक घातक उद्योगाच्या विमापत्राची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे व संबंधित ग्रामपंचायतीत असली पाहिजे. आणि कारखान्याचा लिलाव होण्यापूर्वी त्याची विमापत्रे ताब्यात घेऊन, पाण्याची तपासणी करून, दाव्याची नोटीस विमा कंपनीला दिली गेली पाहिजे.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून हाती आहे आणि सरकारी विमा कंपन्यांना तो लागू आहे. तालुक्यातील कार्यकर्त्यांनी पहिला अर्ज विहीर नासण्याची वाट न पाहता, तिचे पाणी पिण्याजोगे आहे तेव्हाच करावा. कारखाना बंद पडल्यावर मालक जातो, यंत्रे जातात, कागदही जातात. मागे राहते ती जमीन, आणि तिच्यावर जगणारी माणसे.