पाण्याखालचा पहिला कॅमेरा

बेळगावच्या एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त वास्कोस राहतात. गेल्या हंगामात त्यांनी हवेची टाकी पाठीवर घेऊन समुद्रात बुडी मारण्याचे रीतसर शिक्षण घेतले, पहिले प्रमाणपत्रही मिळविले, आणि आता पाण्याखाली छायाचित्रे काढण्याचा ध्यास घेतला आहे. पगारातून बाजूस टाकलेले ४०,००० रुपये हाताशी आहेत. कोणता कॅमेरा घ्यावा असे मुलाने विचारले, आणि आईने तो प्रश्न आमच्याकडे धाडला. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "पैसे त्याचे आहेत, त्याने ते खुशाल खर्च करावेत. मला काळजी वाटते ती त्याचीच." एरवी आम्ही ह्या प्रश्नास चार ओळींत उत्तर दिले असते. परंतु ह्या शेवटच्या वाक्यामुळे आजचे सदर त्यासाठीच राखून ठेवीत आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जमिनीवर जो कॅमेरा उत्तम, तो पाण्याखाली उत्तम असेलच असे नाही, कारण तेथे प्रकाशाचे नियमच निराळे भासतात. पाणी प्रकाशातील तांबडा रंग सर्वांआधी शोषून घेते. पाच-सहा मीटर खोलीवरच तांबडा रंग पुष्कळसा नाहीसा होतो, त्यामागून नारिंगी आणि मग पिवळा जातो. उरतो तो निळा-हिरवा. वर नावेत लालभडक दिसणारा हातमोजा खाली गेल्यावर करडा दिसतो तो ह्यामुळे. शिवाय हे अंतर केवळ खोलीचे नसते. आठ मीटर खोलीवरील मासा आपण दोन मीटर अंतरावरून टिपला, तर प्रकाशाने दहा मीटर पाणी कापलेले असते. म्हणून पाण्याखालच्या छायाचित्रणाचा पहिला नियम असा की जवळ जावे, आणि जवळ गेल्यावर आणखी थोडे जवळ जावे. त्यात पाण्यात प्रत्येक वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपट अंतरावर असल्यासारखी दिसते. त्यामुळे नवख्यास आपण पुरेसे जवळ आलो असे वाटते, आणि तो दुरूनच कळ दाबतो.

आपल्या किनाऱ्यावर हा नियम दुप्पट खरा आहे. गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ काय किंवा मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती काय, पाण्यात गाळ आणि सूक्ष्म जीव यांचे कण पुष्कळ असतात. कित्येक दिवशी पाच-सहा मीटरांपलीकडे धड दिसत नाही. अशा पाण्यात दूरच्या वस्तूवर फ्लॅश मारणे म्हणजे पावसाळ्यात चोर्ला घाटातील धुक्यात मोटारीचे मोठे दिवे लावण्यासारखे आहे. समोरचा रस्ता दिसण्याऐवजी धुकेच उजळून निघते. छायाचित्रातही तसेच होते. मासा बाजूस राहतो आणि पांढऱ्या ठिपक्यांची वृष्टी तेवढी उमटते. सारांश, ज्या कॅमेऱ्याने अगदी जवळची लहान वस्तू स्पष्ट टिपता येते, तो कॅमेरा आपल्या समुद्रास योग्य.

आता बाजारात काय मिळते ते पाहू. सर्वांत स्वस्त म्हणजे मोबाइल फोन ठेवण्याची प्लास्टिकची पारदर्शक पिशवी. उथळ पाण्यात, पोहताना, तीही फोनवर फारसा जीव नसेल तरच, तिचा उपयोग करावा. टाकी घेऊन बुडी मारणाऱ्याने तिच्या वाटेस जाऊ नये. दर दहा मीटर खोलीस पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो, आणि तो दाब सोसण्यासाठी ही पिशवी केलेली नसते. फोन मुळातच जलरोधक आहे असे जे सांगितले जाते, ती परीक्षा स्थिर व गोड्या पाण्यातील असते. खारे पाणी हा वेगळा शत्रू आहे.

दुसरा प्रकार म्हणजे काड्यापेटीच्या घाटाचे, गोप्रोसारखे छोटे कॅमेरे. गोप्रोच्या प्रमुख मालिकेतील अलीकडची यंत्रे वेष्टनाशिवाय १० मीटरांपर्यंत आणि खास वेष्टन घातल्यास ६० मीटरांपर्यंत चालतात. हलती चित्रे घेण्यास, किंवा मित्रांची टोळी आणि बुडालेल्या जहाजाचा सांगाडा एका दृष्टिक्षेपात घेण्यास ती उत्तम. परंतु त्यांना फ्लॅश नसतो, आणि सुमारे ३० सेंटिमीटरांहून जवळची वस्तू अस्पष्ट येते. बोटाएवढा खेकडा टिपण्याचे ते साधन नव्हे.

तिसरा प्रकार मुळातच जलरोधक बांधणीच्या लहान कॅमेऱ्यांचा. ह्यांत ऑलिंपसने सुरू केलेली टफ मालिका पुष्कळ पाणबुड्यांच्या हाती दिसते. २०१९ चा टीजी-६ आणि २०२३ चा टीजी-७ हे दोन्ही उघडे असता १५ मीटरांपर्यंत चालतात, आणि भिंगापासून अवघ्या एका सेंटिमीटरावरील वस्तू स्पष्ट टिपतात. त्यांचे चित्र १२ मेगापिक्सेलचेच असते. जो मेगापिक्सेलच्या आकड्यास भुलतो, तो ह्यांना दुकानात मागे सारून दुसरेच काही घरी आणतो, आणि पुढे हळहळतो. चौथा प्रकार कायमचा बंद केलेल्या यंत्रांचा. सीलाइफचा मायक्रो ३.० त्यांपैकी एक. तो ६० मीटरांपर्यंत चालतो आणि त्यास उघडण्याजोगे दारच नाही. विसराळू माणसास तो सुखाचा, मात्र अगदी जवळच्या सूक्ष्म वस्तूंसाठी त्याची घडण नाही.

येथे १५ मीटर ह्या आकड्याकडे विशेष लक्ष वेधतो. पहिले प्रमाणपत्र मिळविलेल्या पाणबुड्यास साधारणतः १८ मीटरांपर्यंत जाण्याची मुभा असते. म्हणजे ज्या खोलीस चिरंजीव जाऊ शकतात, तेथे उघडा कॅमेरा जाऊ शकत नाही. नावेवरून उतरताना हे तीन मीटर किरकोळ वाटतात, पण कॅमेरा गमावण्यास ते पुरेसे आहेत. एक तर वेष्टन घ्यावे, नाही तर बारा मीटरांच्या वरच राहावे. वर उजेडही अधिक असतो आणि रंगही अधिक असतात, हा त्यातला लाभच.

वेष्टनाविषयी आमचा स्वतःचा अनुभव सांगितल्याखेरीज राहवत नाही. काही वर्षांपूर्वी मालवणास आम्ही नव्या वेष्टनात नवा कॅमेरा घालून निघालो. वेष्टन घरी शांतपणे बंद करावयाचे, ते आम्ही हलत्या नावेत, वाऱ्यात, इतर मंडळी खोळंबली म्हणून घाईने बंद केले. चार-पाच मीटर खाली गेल्यावर काचेच्या आत पाण्याची एक रेघ चढताना दिसली. वर येईपर्यंत सारे संपले होते. पुढे पाहतो तो दाराच्या रबरी कड्यावर डोक्याचा एक केस आडवा पडलेला. दोष करणाऱ्याचा नव्हता, विकणाऱ्याचाही नव्हता. कित्येक महिन्यांची शिल्लक आमच्या घाईने बुडविली.

तेव्हापासून आम्ही काही नेम पाळतो. वेष्टन आदल्या रात्री, चांगल्या उजेडात बंद करावे. रबरी कड्यावरून स्वच्छ बोट फिरवून केस, वाळू वा धागा नाही ना हे पाहावे. निर्मात्याने सांगितलेलेच वंगण, तेही पुसट थरापुरते लावावे, कारण पाणी अडविते ते रबर, वंगण नव्हे. नवे अथवा जुने वेष्टन पहिल्यांदा समुद्रात न्यावे ते रिकामे, आत कोरडा पातळ कागद ठेवून. कागद कोरडा परतला तरच पुढच्या खेपेस कॅमेरा आत जाईल. वर आल्यावर मीठ वाळण्यापूर्वी सारे यंत्र अर्धा तास गोड्या पाण्यात बुडवून ठेवावे, सगळ्या कळा दाबून पाहाव्यात, आणि पूर्ण कोरडे होईपर्यंत दार उघडू नये.

आता ४०,००० रुपयांचा हिशेब. टीजी-७ निघाला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत सुमारे ५५० डॉलर होती. त्या वेळच्या दराने हे सुमारे ४५,००० रुपये होतात, वेष्टन निराळे. अर्थात नवा कॅमेरा घेतला तर शिल्लक संपून कर्जच होईल. आमची सूचना अशी की आधीच्या पिढीचा, चांगल्या अवस्थेतील वापरलेला कॅमेरा पाहावा. त्याच्या दारांची रबरे तपासून घ्यावीत, शक्य तर अधिकृत ठिकाणी बदलावीत. जुन्या यंत्राच्या जलरोधकतेवर कागदोपत्री आकड्याइतका विश्वास ठेवू नये, आणि वेष्टन मिळेपर्यंत आठ-दहा मीटरांच्या खाली त्यास नेऊ नये. उरलेल्या पैशांतून पुढे वेष्टन, आणि त्याच्याही नंतर बाहेरचा दिवा घ्यावा. तोवर फ्लॅश बंद ठेवून, पाण्याखाली पांढऱ्या पाटीवर रंगाचा समतोल जुळवून चित्रे घ्यावीत. पहिल्या वर्षास एवढे पुरे.

आता त्या भगिनींच्या काळजीविषयी, कारण ती खोटी नाही. टाकीने श्वास घेणाऱ्याचा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखू नये. छायाचित्रकाराची सवय नेमकी उलट असते. कळ दाबताना हात हलू नये म्हणून तो नकळत श्वास धरतो. तशा अवस्थेत माणूस थोडासा जरी वर सरकला, तरी फुप्फुसातील हवा प्रसरण पावून गंभीर इजा होऊ शकते. दुसरे असे की पडद्यात गुंग झालेल्याचे लक्ष हवेच्या दाबमापकावर राहत नाही, आणि जोडीदार कोठे गेला हेही त्यास कळत नाही. तिसरे, ज्याचा पाण्यातील तोल पक्का नाही तो चित्रासाठी प्रवाळाचा आधार घेतो. प्रवाळ हा दगड नव्हे. तो जीव आहे, वर्षाकाठी कित्येकदा सेंटिमीटरभरच वाढतो, आणि कठीण प्रवाळास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आहे. एका छायाचित्रापायी पायातील वल्ह्याचा एक फटका बसला, तर अनेक वर्षांची वाढ मोडते.

म्हणून चिरंजीवांस आमचे सांगणे असे. कॅमेरा आज पसंत करून ठेवा, परंतु आणखी दहा-बारा बुड्या रिकाम्या हातांनी मारा. कशासही हात न लावता, श्वास संथ चालू ठेवून, एका जागी दोन मिनिटे तरंगत राहता येऊ लागले की कॅमेरा दोरीने मनगटास बांधून खाली न्या. प्रत्येक चित्राआधी दाबमापक पाहा, मग जोडीदार पाहा, त्यानंतर मासा पाहा. मासा निघून गेला तर जाऊ द्या. पावसाळा सरून ऑक्टोबरात समुद्र पुन्हा खुला होतो, तेव्हा तो तेथेच कोठेतरी भेटेल.

आणि त्या भगिनींस विनंती एवढीच की चिरंजीवांस अडवू नये. मुलगा विचारून पैसे खर्च करतो, हे काही थोडे नाही. नाताळास तो घरी येईल तेव्हा त्याची चित्रे शेजारी बसवून पाहावीत, आणि प्रत्येक चित्र किती खोलीवरचे, त्या वेळी टाकीत हवा किती होती आणि जोडीदार कोठे होता, हे त्यास विचारावे. तिन्ही उत्तरे न अडखळता आली, तर काळजीचे कारण नाही.